डोंगरांबद्दल मुलांना काय सांगू? उंचीच्या यादीपलीकडचं हवंय

गोदाकाठची (नाशिक)

मंडळी, मदत हवी आहे.

इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी रविवारी संध्याकाळी मुलांना जमवते. पाचवीपासून दहावीपर्यंतची आहेत. गोष्टी, कोडी, थोडं विज्ञान असं चालतं. पाऊस ओसरला की सगळ्यांना कळसूबाईला न्यायचं घाटतंय, म्हणून सध्या विषय डोंगरांचा घेतला आहे. गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, त्यामुळे बोलायला निमित्तही समोरच आहे.

मागच्या रविवारी 'जगातलं सर्वात उंच शिखर कोणतं' एवढं विचारलं आणि वाद पेटला. बहुतेकांनी एव्हरेस्ट म्हटलं. सातवीतला एक मुलगा म्हणाला, नाही, हवाई बेटावरचा मौना केआ. दहावीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, दोन्ही नाही, इक्वेडोरमधला चिंबोराझो. तिघंही हटायला तयार नव्हते. मला निकाल द्यायचा आहे, पण 'पुस्तकात असं आहे' म्हणून द्यायचा नाही. कारण समजावून द्यायचा आहे.

दुसरं म्हणजे, नुसत्या आकड्यांची यादी मुलं पाठ करतात आणि आठवड्यात विसरतात. आपल्या भागातल्या डोंगरांशी जोडता येईल असं काही असेल तर सांगा. कळसूबाईवर उभं राहून त्यांना आठवेल असं.

ओळंबा (नाशिकरोड)

ताई, तिघंही बरोबर आहेत. खोडून कोणालाच काढू नका, उलट पुढचा रविवार याच भांडणापासून सुरू करा.

मी पाटबंधारे खात्यात सर्व्हेवर होतो. नोकरी कालव्यांच्या मापात गेली. लेव्हल लावायची, समोर माणसाने स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, धरायचा, आपण फील्डबुकात वाचन उतरवायचं. आमच्याकडे 'या जागेची उंची किती' असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तराआधी उलटा प्रश्न यायचा: कुठल्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची पक्की ठरवलेल्या कुठल्या खुणेवरून? शून्य कुठे धरलं ते ठरल्याशिवाय उंचीला अर्थच नाही. तुमच्या तीन मुलांनी तीन वेगळ्या जागी शून्य धरलं आहे, एवढीच गोष्ट आहे.

समुद्रसपाटी शून्य धरली तर एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. डोंगर जिथून उभा राहतो तो पायथा शून्य धरला तर मौना केआ. तो समुद्राच्या वर ४,२०७ मीटरच दिसतो, पण त्याचा पाया प्रशांत महासागराच्या तळाशी आहे. तिथून मोजला तर १०,००० मीटरच्या पुढे जातो. पृथ्वीचा मध्यबिंदू शून्य धरला तर चिंबोराझो. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ६,२६३ मीटर, पण तो विषुववृत्ताच्या अगदी जवळ, दीड अंश दक्षिणेला आहे. पृथ्वी तिथे फुगलेली आहे. विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त भरते. एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेला असल्याने त्याला या फुगवट्याचा फायदा कमी मिळतो. म्हणून पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात लांबचं ठिकाण चिंबोराझोचा माथा आहे, एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा सुमारे २ किलोमीटर जास्त लांब.

आता हे नाशिकशी जोडा. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, हे मुलांना पाठ असेल. पण नाशिक शहरच सुमारे ६०० मीटरवर वसलं आहे. म्हणजे तुमच्या गच्चीच्या मानाने कळसूबाई हजारेक मीटरच वर. हाच हिशेब एव्हरेस्टला लावा. नेपाळच्या बाजूचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तिथून माथा साडेतीन किलोमीटर. अलास्कातला देनाली समुद्रसपाटीपासून ६,१९० मीटरच आहे, पण भोवतालची जमीन बरीच सखल असल्यामुळे तो पायथ्यापासून साडेपाच किलोमीटरच्या आसपास उठतो. समोर उभं राहून पाहणाऱ्या माणसाला देनाली जास्त उंच वाटेल, आणि त्याच्या डोळ्यांचं चूक नाही.

समुद्रसपाटी तरी कुठली? लाटा, भरती-ओहोटी चालूच असते. आपल्या देशाचं शून्य मुंबई, कारवार अशा नऊ बंदरांवर वर्षानुवर्षं घेतलेल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्कं झालं. तिथून लेव्हल लावत लावत ते आकडे देशभर आत आणले. नागपूरच्या झिरो माइलला मुलं कधी गेली तर १९०७ चा तो बेंचमार्क आवर्जून दाखवा.

मात्र ज्या गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसलो ती पुढे आहे.

भारताच्या सर्व्हेने एव्हरेस्टची उंची पहिल्यांदा मोजली तेव्हा त्यांचं कोणी त्याच्या जवळही गेलं नव्हतं. नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून जास्त अंतरावरून थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राने, कोन घेतले. त्या कोनांवरून हिशेब करणारे सर्व्हेतले बंगाली गणिती राधानाथ सिकदार. शंभर मैलांवर पृथ्वीची गोलाई मध्ये येते, हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्या सगळ्याची वजावट हाताने करायची. १८५२ मध्ये त्यांचा हिशेब निघाला, तपासण्या होऊन १८५६ मध्ये उंची जाहीर झाली: २९,००२ फूट. २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून आजचा आकडा जाहीर केला, तो फुटांत २९,०३१ च्या किंचित पुढे येतो. फरक ३० फूट. उपग्रह नाही, कॅल्क्युलेटर नाही, आणि चूक फक्त ३० फुटांची. सर्व्हेच्या माणसाला यासमोर हात जोडावेसे वाटतात. मुलांना एव्हरेस्टवर पहिले कोण चढले ते माहीत असतं. सिकदारांचं नावही तितकंच माहीत असायला हवं.

याच सर्व्हेत एक असं कोडं निघालं की त्यातून डोंगर म्हणजे काय हेच नव्याने कळलं. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते ओळंब्याने बघतो. सर्व्हेचं यंत्रही ओळंब्यावरच उभं करतात, कारण ओळंबा सरळ खाली दाखवतो असं आपण धरून चालतो. पण प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते, मग शेजारी प्रचंड डोंगर असेल तर ओळंबा त्याच्याकडे केसभर झुकणारच. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराच्या दोन्ही बाजूंना इंग्रज खगोलशास्त्रज्ञ मास्केलाइन यांनी हे मोजून दाखवलं. तो डोंगर १,०८३ मीटरचा, आपल्या कळसूबाईहून लहान. त्या झुकण्यावरून पृथ्वीची सरासरी घनता काढली गेली. ती डोंगराच्या दगडापेक्षा बरीच जास्त निघाली, म्हणजे पृथ्वीच्या पोटात दगडापेक्षा जड काहीतरी आहे हे उघड झालं. त्या डोंगराचा आकार हिशेबात धरायला गणिती चार्ल्स हटन यांनी समान उंचीची ठिकाणं रेषेने जोडली. नकाशावरच्या कंटूर रेषा मुलं भूगोलात काढतात ना, डोंगरासाठी त्या वापरण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक.

मग हिमालयाने ओळंबा किती ओढावा? मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूर आणि उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगरजवळ कल्याणा, अशी सर्व्हेची दोन ठाणी होती. त्यांच्यामधलं अंतर जमिनीवरून मोजलं आणि ताऱ्यांवरूनही काढलं. दोन उत्तरांत ५.२ सेकंदांचा फरक आला (हे घड्याळाचे नव्हे, कोनाचे सेकंद, एका अंशाचे ३,६००), जमिनीवर सुमारे दीडशे मीटर. कलकत्त्याचे पाद्री आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या ओढीचा हिशेब मांडला तर फरक जवळजवळ १६ सेकंद यायला हवा होता. म्हणजे हिमालय जेवढा दिसतो त्याच्या एक तृतीयांशच ओढत होता. एवढा डोंगर, आणि वजन गेलं कुठे?

१८५५ मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिलं. पृथ्वीचं कवच खालच्या जड थरावर तरंगतं, आणि डोंगर जेवढा वर दिसतो त्याच्या कितीतरी पट खाली बुडालेला असतो. पाण्यात टाकलेला लाकडाचा ओंडका जसा थोडा वर आणि बराच खाली राहतो, तसा. खालच्या जड थराच्या जागी हलका दगड खोल गेलेला असल्याने एकूण ओढ कमी पडते. हिमालय-तिबेटखाली कवच ७० किलोमीटरच्या आसपास जाड आहे, इतर जमिनीवर साधारण त्याच्या निम्मं. डोंगराला मूळ असतं, हे एका दोरीच्या टोकाला टांगलेल्या वजनाने सांगितलं. मुलांना दुसरं काही सांगितलं नाहीत तरी चालेल, हे सांगा.

बागलाणी (सटाणा)

काकांनी उंचीचं सांगितलं, मी दगडाचं सांगतो. आमच्याकडे विहीर खणायला घेतली की भूगोल आपोआप शिकायला मिळतो. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच एखादा विटकरी लाल पट्टा, आणि खाली पुन्हा काळा पाषाण. प्रत्येक काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा. लाल पट्टा म्हणजे दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात वरचा दगड झिजून झालेली माती, जी पुढच्या लोंढ्याखाली गाडली गेली. कसारा घाटातून जाताना कापलेल्या कड्यांतही थर एकावर एक दिसतात. मुलांना खिडकीशी बसवा.

हे सगळं सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. डायनासोर संपले तो काळ. आजही हा कातळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरच्या वर जाते. हिमालय उभा राहायला लागला तो भारताची भूमी आशियाला धडकल्यावर, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे चांदवड-वणीचा कातळ थंड होऊन बसला होता तेव्हा हिमालयाचा पत्ता नव्हता.

गंमत इथे आहे की एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड मात्र आपल्यापेक्षा फार जुना. तो चुनखडीचा आहे, ४५ कोटी वर्षांहून जुना, समुद्राच्या तळाशी साचलेला, आणि त्यात समुद्री जिवांचे अवशेष सापडतात. डोंगराचं वय वेगळं आणि त्यातल्या दगडाचं वेगळं, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

दुसरा फरक. हिमालय दाबाने घड्या पडून वर चढला. आपल्या सातमाळा, सेलबारी-डोलबारी या डोंगररांगा तशा नाहीत. लाव्ह्याचं सलग पठार होतं, ते नद्या-पावसाने कापून नेलं आणि मध्ये राहिले ते हे डोंगर. म्हणून इतक्या डोंगरांचे माथे सपाट आहेत आणि म्हणून त्यांच्यावर किल्ले बांधता आले. धोडप किल्ल्याची ती कातळाची भिंत आणि तिच्यातली खाच लांबूनही ओळखू येते. भेगेत शिरून गोठलेला लाव्हा आजूबाजूच्या दगडापेक्षा टणक असला की बाजूचं झिजतं आणि भिंत उभी राहते.

साल्हेरचं नाव घेतल्याशिवाय मला थांबवणार नाही. १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, आमच्या बागलाणात, गुजरातच्या डांगच्या सीमेवर. माथ्यावर परशुरामाचं देऊळ आहे. इथूनच बाण मारून त्याने समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं असं म्हातारी माणसं सांगतात. १६७२ मध्ये याच्या पायथ्याला मराठ्यांनी मोकळ्या मैदानात मोगल फौजेला हरवलं, मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर तिथे होते. आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात साल्हेर आहे. कळसूबाई झाली की इकडे आणा मुलांना. उन्हाळ्यात नको, पाणी कमी आणि सावली नाही.

ताई, तुमच्या समोरच्या पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींमधून निघालेले स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर पाणी झिरपून ते तयार झाले. सिन्नरला गारगोटी संग्रहालयात समोर ठेवलेले बघायला मिळतात. एक रविवार तिकडे काढाच.

उष्णतामापी (कॉलेजरोड)

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे प्रयोगाशिवाय मला राहवत नाही.

जसजसं वर जावं तशी वरून दाबणारी हवा कमी होते आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटरला सुमारे १ अंश. नाशिकला पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, कळसूबाईच्या माथ्यावर साडेचौऱ्याण्णवच्या आसपास आणि एव्हरेस्टवर ७० च्या जवळपास. ७० अंशांच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कितीही वेळ उकळत ठेवली तरी. म्हणून उंचावरच्या तळांवर प्रेशर कुकर लागतो.

पूर्वी हेच उलट वापरायचे. पाणी उकळवायचं, तापमान बघायचं आणि त्यावरून उंची काढायची. जोसेफ हूकर १८४८-४९ मध्ये सिक्कीमच्या डोंगरांत वनस्पती गोळा करत हिंडले तेव्हा त्यांनी उंची काढायला अशा थर्मामीटरचाही उपयोग केला. तुमच्याकडे प्रयोगशाळेतला थर्मामीटर असेल तर आधी गच्चीवर पाणी उकळवून नोंद घ्या, मग तोच थर्मामीटर कळसूबाईच्या वाटेवर शक्य तितक्या उंचीवर वापरा. स्टोव्ह मोठ्या माणसाच्याच हातात राहू द्या आणि वाळक्या गवतापासून लांब.

थर्मामीटर नसेल तर वेफर्सचं बंद पाकीट न्या. नाशिकला घेतलेलं पाकीट वर गेल्यावर टम्म फुगलेलं दिसतं. हवेचा दाब डोंगरावर कमी होतो हे पहिल्यांदा फ्रान्समध्ये १६४८ साली सिद्ध झालं. पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने प्यू-द-डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली, आणि पारा सुमारे ८ सेंटीमीटर खाली आला. त्या दिवशीचा चढ जवळजवळ हजार मीटरचा होता. काकांनी वर नाशिक आणि कळसूबाईत तेवढाच फरक सांगितला आहे, म्हणजे जो प्रयोग इतिहासात गेला तोच तुमची मुलं वेफर्सच्या पाकिटावर करतील.

दोर आणि कडा (पंचवटी)

ताई, तुमच्या गटात मुली आहेत म्हणून आधी दोन नावं. जुन्को ताबेई, जपानच्या, १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या महिला. बचेंद्री पाल, १९८४, पहिल्या भारतीय महिला.

पण मला न चढलेल्या शिखरांबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. भूतानमधलं गांगखार पुएन्सुम ७,५७० मीटरचं आहे आणि त्याच्या माथ्यावर आजवर कोणी पोचलेलं नाही. ते अशक्य आहे म्हणून नव्हे. भूतानने १९९४ पासून ६,००० मीटरच्या वरची शिखरं गिर्यारोहणाला बंद केली आणि २००३ पासून गिर्यारोहणच थांबवलं, कारण तिथे ती देवांची जागा मानतात. कैलास ६,६३८ मीटरचा, तोही न चढलेला. लोक त्याची प्रदक्षिणा करतात.

कांचनजुंगा १८५२ पर्यंत जगातलं सर्वात उंच शिखर समजलं जायचं. १९५५ मध्ये जॉर्ज बँड आणि जो ब्राउन तिथे पोचले तेव्हा माथ्याच्या थोडं अलीकडे थांबले. शिखर सिक्कीमच्या लोकांना पवित्र आहे, वर पाय ठेवणार नाही असा शब्द दिला होता. त्यानंतरच्या कितीतरी गिर्यारोहकांनी तो शब्द पाळला आहे.

नाशिकच्या मुलांना हे समजायला जड जाणार नाही. सप्तशृंगीचं शिखर त्यांनी वणीला जाऊन खालून पाहिलेलं असतं. वर ध्वज लावायचा मान ठरलेल्या घराण्याचा, बाकीचे खालून नमस्कार करतात. मी कडे चढते, दोरावर लटकते, आणि तरीही डोंगराचा एक भाग आपल्यासाठी नाही हे मला पटतं.

गोदाकाठची (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंब्याचं कोडं काल मुलांना सांगितलं, दोरीला कुलूप बांधून टांगून दाखवलं. 'मग डोंगराचं मूळ कुठपर्यंत जातं?' हे सगळ्यात लहान मुलीने विचारलं.

दोन प्रश्न राहिले आहेत, काकांनाच विचारते. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स २२ किलोमीटर उंच आहे असं एका मुलाने वाचलंय. तुम्ही म्हणालात शून्य आधी ठरवा, मग मंगळावर तर समुद्र नाही, तिथे शून्य कुठून आलं? आणि दुसरं, समोरच्या पांडवलेण्यांच्या डोंगराची उंची आम्हाला आमची मोजता येईल का? नेटवर बघून नाही.

ओळंबा (नाशिकरोड)

मंगळाचा प्रश्न ज्याने विचारला त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. मंगळाला समुद्र नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी तिथे एक कल्पित पृष्ठभाग ठरवून घेतला आहे: मंगळावर पाणी असतं आणि ते शांत पसरलं असतं तर त्याची पातळी जशी आली असती, साधारण तसा. ऑलिंपस मॉन्सचे जवळजवळ २२ किलोमीटर तिथून मोजलेले आहेत. पृथ्वीवरही शेवटी तेच करतो. आपला समुद्रही ठोकळ्यासारखा सपाट नाही. जिथे गुरुत्वाकर्षण कमी तिथे पाण्याची पातळी खोलगट असते. अशी जगातली सर्वात खोल जागा श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, पृथ्वीसाठी मानलेल्या गुळगुळीत आकारापेक्षा १०० मीटरहून खाली. जहाज त्यावरून जातं आणि कोणाला कळत नाही. उपग्रह मात्र उंची त्या गुळगुळीत आकारापासून मोजतात. त्यामुळे आपल्याकडे फोनमधलं एखादं ॲप ही दुरुस्ती करत नसेल तर खरी उंची आणि त्यावरची उंची यांत पन्नास-साठ मीटरचा तरी फरक दिसतो. कळसूबाईवर दोन फोन दोन आकडे दाखवतील तेव्हा मुलांना हे कारण सांगा.

आता पांडवलेणी. मोजता येईल, आणि सिकदारांनी वापरली त्याच पद्धतीने, फक्त अंतर कमी.

कंपासपेटीतला कोनमापक घ्या. त्याच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मधल्या बिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट बांधा. झाला ओळंबा. स्ट्रॉमधून माथा बघायचा आणि दुसऱ्याने दोरा कुठल्या अंशावर आहे ते वाचायचं. ९० मधून तो आकडा वजा केला की माथ्याचा कोन मिळतो. एका जागेवरून कोन घ्या, मग डोंगराच्या दिशेने सरळ चालत जाऊन दुसऱ्या जागेवरून घ्या. दोन जागांमधलं अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. दोन्ही जागा शक्य तितक्या एका पातळीत हव्यात, आणि हमरस्त्यावर उभं राहू नका, आतली मोकळी जागा शोधा.

समजा पहिला कोन १० अंश आला, ५०० मीटर पुढे जाऊन १५ अंश आला. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती आहे, त्यांना सूत्राने काढू द्या. लहानांना आलेखाच्या कागदावर प्रमाणात काढायला सांगा: ५०० मीटरचे १० सेंटीमीटर, दोन टोकांना दोन कोन, रेषा जिथे छेदतील तिथून खाली लंब. उत्तर २५८ मीटरच्या जवळपास येईल. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

मग त्यांना मुद्दाम १५ च्या जागी १४ धरून पुन्हा काढायला सांगा. उत्तर ३०० च्या वर जाईल. एका अंशाच्या चुकीने चाळीसेक मीटर वाढले. याच कारणाने त्या सर्व्हेच्या सुरुवातीच्या मोठ्या थिओडोलाइटचं वजन अर्ध्या टनाच्या घरात होतं आणि तो डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर माणसांनी चढवला. प्रत्येक मुलाने कोन घ्यावा आणि सगळ्यांची सरासरी काढावी, म्हणजे चूक बरीच आटोक्यात येते.

आलेल्या आकड्यात तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवायला विसरू नका. हे झालं जमिनीपासून. समुद्रसपाटीपासून हवी असेल तर ज्या जमिनीवर उभे होता तिची उंची मिळवावी लागेल. नाशिकरोड स्टेशनवर फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी आहे. स्टेशनच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. ती उतरवून घ्या. पाटीची जागा आणि तुमची जागा यांत काही मीटरचा चढ-उतार असेल, तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या कंटूरवरून वजा-अधिक करता येतो. नकाशा वाचायला कोणी हवं असेल तर सांगा, रविवारी संध्याकाळी मी मोकळा असतो.